लेबर रूममधला ब्रदर

बीएस्सी नर्सिंगला प्रवेश घेतलेल्या मुलाला प्रसूतिशास्त्र टाळता येत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या कित्येक वर्षं चाललेल्या जुन्या अभ्यासक्रमात तर आकडेच ठरलेले होते: 30 गरोदर बायकांची तपासणी, 20 नैसर्गिक प्रसूती स्वतःच्या हातांनी, 20 बाळंतिणींची शुश्रूषा. मुलगी असो की मुलगा, केस बुकातले रकाने सारखेच. पुढे कौन्सिलकडे नोंदणी होते तीही दुहेरी, नर्सिंगची आणि प्रसूतिसेवेची. कागदावर सगळं स्वच्छ आहे. घोळ सुरू होतो तो लेबर रूमच्या दारात.

यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी, आर्णी किंवा झरी जामणीकडची एखादी बाई कळा सोसत 108 च्या गाडीतून उतरते, तेव्हा सोबत आई किंवा सासू असते, बहुधा गावची आशाताईही. परक्या पुरुषासमोर पदर ढळू न देण्याची शिकवण लहानपणापासूनची. आणि समोर उभा विशीतला पोरगा. "बाई नाही का कोणी?" हा सासूचा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. त्यावर इन्चार्ज सिस्टरचं उत्तरही सरावाचं असतं: "ब्रदर, तुम्ही बाहेर थांबा." मग ब्रदर बाळांची वजनं करतो, रक्ताचे नमुने लॅबमध्ये पोचवतो, रजिस्टर भरतो. पोस्टिंग संपत येतं आणि केस बुकातले प्रसूतीचे रकाने भरायचे राहतात.

आता गंमत पाहा. त्याच दारातून त्याच्याच वयाचा, त्याच्याइतकाच कच्चा एमबीबीएसचा मुलगा आत जातो. त्याच्या गळ्यात स्टेथोस्कोप असतो. त्याला सासू अडवत नाही, सिस्टरही नाही.

पुरुषाच्या हातून बाळंतपण नको, एवढाच मुद्दा असता तर महाराष्ट्रातल्या स्त्रीरोगशास्त्राचा निम्मा इतिहास पुसावा लागला असता. मुंबईच्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांनी 1955 मध्ये गर्भपात टाळण्यासाठी गर्भाशयाच्या मुखाला टाका घालण्याची पद्धत मांडली. ती आजही जगभर त्यांच्याच नावाने ओळखली जाते. डॉक्टर पुरुष आहे म्हणून टाका नाकारणारं घर विरळाच. मात्र डॉक्टर येतो, तपासतो, निघून जातो. नर्सचं काम तासन् तास अंगाशी असतं. पाठ चोळणं, पॅड बदलणं, टाके धुणं, बाळाला छातीशी लावून द्यायला मदत करणं. हा फरक खरा आहे आणि ब्रदरची बाजू घेताना तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

अमेरिकेत हा वाद कोर्टात गेला होता. अर्कान्सासमधल्या लिटल रॉकच्या बॅप्टिस्ट मेडिकल सेंटरने पुरुष नर्सला प्रसूती विभागात काम नाकारलं आणि 1981 मध्ये जिल्हा न्यायालयाने रुग्णालयाची बाजू उचलून धरली. (पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयात तो निकाल रद्द झाला, पण वाद निकाली निघाल्याच्या तांत्रिक कारणाने.) त्यातला एक युक्तिवाद असा: डॉक्टर बाईने स्वतः निवडलेला असतो, नर्स मात्र ड्युटीप्रमाणे तिच्या वाट्याला येते. तिकडच्या खासगी रुग्णालयात हे पटण्यासारखं आहे. आपल्या सरकारी रुग्णालयात हाच युक्तिवाद उलटतो, कारण इथे बाई डॉक्टरही निवडत नाही. जो ड्युटीवर असेल तो. निवडीचा प्रश्न लावायचाच तर तो ॲप्रन घातलेल्या प्रत्येकाला लावावा लागेल.

लाज हा हसण्यावारी नेण्याचा विषय नाही, हे विदर्भाला तरी वेगळं सांगायला नको. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली. 'लॅन्सेट'मध्ये 1989 साली आलेल्या त्या अभ्यासात 92 टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास आढळला आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. इतका त्रास अंगावर काढण्यात संकोचाचा वाटा मोठा असतो. बाळंतपणाला रुग्णालयात आलेल्या बाईला तिथला अनुभव नकोसा वाटला, तर पुढच्या वेळी ती घरीच थांबेल. म्हणून "शिक्षणासाठी एवढं सहन करायला हवं" असं म्हणणारे प्राध्यापक आणि मुलाला सरसकट बाहेर काढणाऱ्या सिस्टर, दोघांचंही चुकतं. त्या बाईला कोणीच विचारलेलं नसतं. एकाने तिच्या वतीने होकार देऊन टाकलेला असतो, दुसरीने नकार.

खरं तर विचारणं हा काही नवा शोध नाही. संमती म्हणजे काय आणि ती कशासाठी घेतलेली हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली प्रकरणात सविस्तर सांगितलं, तेही स्त्रीरोगाच्याच एका शस्त्रक्रियेच्या निमित्ताने. पुरुषाने तपासताना दुसरी स्त्री हजर असावी, हा रुग्ण म्हणून बाईचा हक्क केंद्राच्या रुग्णहक्क सनदेत लिहिलेला आहे. कळा सुरू असताना विचारून काय उपयोग, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे, तेव्हा विचारूच नये. गरोदरपणाच्या तपासणीला ती चार-पाच वेळा येते, तेव्हा विचारावं. तिथेच मुलाने तिचं वजन घ्यावं, रक्तदाब पाहावा, ओळख करून घ्यावी. कोलाम पोडावरून किंवा बंजारा तांड्यावरून नर्सिंगला आलेला मुलगा तिच्या बोलीत बोलतो, तेव्हा परिस्थिती बदलू शकते. न समजणाऱ्या भाषेत ओरडणाऱ्या बाईपेक्षा आपल्या बोलीत समजावणारा पोरगा काहींना बरा वाटेल. काहींना नाही वाटणार. लेबर रूममध्ये बाईवर खेकसणारे आवाज पुष्कळदा बाईचेच असतात, हेही एकदा स्पष्ट म्हणायला हवं. केंद्राच्या 2017 च्या 'लक्ष्य' कार्यक्रमाला सन्मानाने प्रसूती हे उद्दिष्ट मुद्दाम लिहावं लागलं ते काय उगाच?

आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे फारसं कोणी पाहत नाही. एका बाईने होकार दिला तरी शेजारच्या टेबलावरच्या बाईचं काय? दोन टेबलांमध्ये धड पडदा नसेल तर पहिलीची परवानगी दुसरीवर लादली जाते. केंद्र सरकारने 2016 मध्ये प्रसूतीच्या वेळी सोबतीणीला परवानगी दिली तेव्हा सोबत स्त्री नातेवाइकाची ठेवली, आणि नवऱ्याला आत घ्यायचं तर खासगीपणाची सोय असलेल्या ठिकाणीच, असं सांगितलं. म्हणजे नवरा असो की ब्रदर, दोघांचा रस्ता एकाच पडद्यापाशी अडतो. पडद्याचा खर्च काही फार नसतो.

मुलांना प्रसूती शिकवायचीच कशाला, असंही विचारलं जातं. कारण नेमणूक होते तेव्हा बाळंतपण वेळ पाहून येत नाही. नर्सिंगची पदवी घेतलेले पुरुष समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून उपकेंद्रांत जातात. एएनएम सिस्टर लसीकरणाला दुसऱ्या गावात, पावसाने रस्ता बंद, आणि दारात अडलेली बाई, अशी वेळ आली तर त्या उपकेंद्रात शिकलेला माणूस तो एकटाच असेल. त्याने तोवर प्रसूती फक्त पुतळ्यावर केलेली असावी, हे कोणत्याच सासूला परवडणारं नाही.

उलट बाजूला नोकरीचं गणित. नागपूरसह देशभरच्या एम्समध्ये नर्सिंग ऑफिसरच्या भरतीत 80 टक्के जागा स्त्रियांना आणि 20 टक्के पुरुषांना, असं सूत्र 2019 मध्ये ठरलं. प्रसूती विभागापुरतं ते समजू शकतं. पण अपघात विभाग, अस्थिरोग, अतिदक्षता यांनाही तोच नियम का, याचं समाधानकारक उत्तर मिळत नाही. पुरुषांच्या वॉर्डात सिस्टर पिढ्यानपिढ्या जखमा धुतात, बेडपॅन देतात. तिथल्या पुरुषांच्या संकोचाबद्दल कधी कुणी परिपत्रक काढलं नाही.

शिक्षणाच्या बाजूने एक बदल तरी ताबडतोब करता येईल. केस बुकात प्रत्येक नोंदीपुढे बाईला विचारल्याचा रकाना ठेवावा, मुलींसाठी आणि एमबीबीएसवाल्यांसाठीही. तिने नाही म्हटलं तर ते 'नाही' नोंदवावं आणि त्यासाठी विद्यार्थ्याचा एकही गुण कापू नये. संख्या कमी पडली तर त्याचं पोस्टिंग पुसद, दारव्हा किंवा पांढरकवड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात वाढवून द्यावं, आणि तिथे त्याच्यासोबत उभी राहील अशी एक अनुभवी सिस्टर नेमावी, जिला या कामाचे तास ड्युटीत धरून मिळतील.