प्रतिभेच्या नावाने सिमेंट

बॅ. अ. र. अंतुले यांचा विषय निघाला की साहित्याच्या वर्गात हमखास अरुण साधूंचे ‘सिंहासन’ उघडले जाते. कादंबरी १९७७ची, अंतुले मुख्यमंत्री झाले जून १९८०मध्ये, पण असो. महत्त्वाकांक्षा, गर्व, पतन हा शोकांतिकेचा साचा समीक्षेला सोयीचा पडतो. आम्हांस तो मान्य नाही.

कुलाब्याचे रायगड, सिंधुदुर्ग व जालना हे नवे जिल्हे, निराधारांना अनुदान, लंडनहून भवानी तलवार आणण्याची घोषणा: अंतुल्यांचा झपाटा नाकारण्यात अर्थ नाही. मात्र जानेवारी १९८२मध्ये त्यांना पायउतार व्हावे लागले ते स्वभावदोषामुळे नव्हे. सिमेंटवर तेव्हा सरकारी नियंत्रण होते. बिल्डरांना मिळणारे सिमेंट आणि त्यांनी एका प्रतिष्ठानाला दिलेल्या देणग्या यांची सांगड मुंबई उच्च न्यायालयात न्या. लेंटिन यांनी दाखवून दिली. अरुण शौरींनी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये हे प्रकरण १९८१च्या ऑगस्टअखेर मांडलेच होते.

त्या प्रतिष्ठानाचे नाव इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान. हेतू, साहित्य व ललित कलांना उत्तेजन! म्हणजे जे जमवले जात होते, ते आमच्या-तुमच्या नावाने. राजाश्रयावर तावातावाने परिसंवाद भरवणाऱ्या आम्हा साहित्यिकांना हा तपशील फुटकळ कसा वाटतो? नायकाचा स्वभाव रंगवला की देणगीची पावती पाहावी लागत नाही, हे त्याचे खरे कारण.

आणि २००६मध्ये अंतुले पुन्हा केंद्रात मंत्री झाले. ते शोकांतिकेच्या कितव्या अंकात बसवायचे, हे या समीक्षकांनीच सांगावे.