रात्री तिचे पाय का वळवळतात?

संध्याकाळी औषधाच्या दुकानातल्या गर्दीत हटकून ऐकू येणारी मागणी आहे : "दादा, रात्रीची झोप लागत नाही. झोपेची गोळी नको हो, सवय लागते म्हणतात. व्हिटॅमिनचं काहीतरी द्या, ताकदीचं." दादा मान वर न करता बी-कॉम्प्लेक्सची स्ट्रिप कापून देतात. दुसऱ्या दिवशी लघवी पिवळीजर्द झाली की गोळी लागू पडली, असे बाईंना वाटते. खरे तर शरीराला नको झालेले रायबोफ्लेविन तेवढे बाहेर पडत असते.

पण बाईंना कुणी बसवून नीट विचारले तर त्या वेगळेच सांगतील. पाठ टेकली की पोटऱ्यांत काहीतरी सळसळते, पाय हलवल्यावाचून राहवत नाही. उठून घरात चार फेऱ्या मारल्या की बरे वाटते. आडवे झाले की पुन्हा तेच. एकबोम या स्वीडिश डॉक्टरांनी 1945 मध्येच या दुखण्याचे सविस्तर वर्णन करून ठेवले आहे. कारणे अनेक असतात, पण शरीरातला लोहाचा साठा आटणे हे त्यातले ठळक. फेरिटिनची रक्ततपासणी तो साठा दाखवते. बी-कॉम्प्लेक्सच्या साध्या कॅप्सूलमध्ये लोह नसतेच. घरचे मात्र निदान करून मोकळे होतात : "आई, तू फार विचार करतेस."

लोह गेले कुठे, ते आपल्या पानांत शोधा. आधी पुरुष जेवतात, मग मुले. कढईच्या तळाशी उरेल ते तिचे. मटण केले तर फोडी सगळ्यांना आणि रस्सा तिला. गुरुवार, चतुर्थी, एकादशी हे उपास घराच्या भल्यासाठी तिनेच धरायचे आणि ते साबुदाण्यावर काढायचे, ज्यात स्टार्चखेरीज फारसे काही नाही. जेवणावर लगेच चहा, म्हणजे पालेभाजीतून मिळणारे थोडे लोहही अंगी लागत नाही. शिवाय दर महिन्याला पाळीत रक्त जाते ते वेगळेच. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत. गरिबी त्याला कारण आहेच. पण दारात दोन गाड्या असलेल्या घरातही सून शेवटीच जेवते, तिथे गरिबीचे नाव पुढे करायला आपल्याला लाज वाटायला हवी.

सरकारची लाल गोळी फुकट मिळते. तीत 60 मिलीग्रॅम लोह असते. ती खाल्ली की मळमळते, शौचाला काळे होते. असे होणारच, घाबरू नका, एवढे एक वाक्य घरातले कुणी बोलत नाही आणि पाकीट ट्रंकेत पडून राहते. फुकटच्या औषधाला आपल्याकडे मान नाही, रंगीत बरणीतल्या गमीला आहे.

त्या बरणीत काय असते? अमेरिकेत 2023 मध्ये मेलाटोनिनच्या 25 गमी तपासल्या गेल्या, त्यांतल्या 22 वरचे लेबल चुकीचे निघाले. एकीत छापल्याच्या साडेतीनपट माल, तर एकीत मेलाटोनिनच नाही! मेलाटोनिन हे संप्रेरक आहे, पण विकले जाते जीवनसत्त्वांच्याच फळीवर. 'ड' जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी शेजारणीने सांगितली म्हणून आठवड्याला एक, अशी महिनोन्‌महिने घेणारे कमी नाहीत. हे जीवनसत्त्व चरबीत विरघळते, शरीरात साठत जाते. साठा फार वाढला की रक्तातले कॅल्शियम चढते, घशाला कोरड पडते आणि लघवीसाठी रात्रीतून पुन्हा पुन्हा उठावे लागते. झोपेसाठी घेतलेली पुडी अशी झोपच मोडते. बी-6 जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतले तर नसा बिघडतात, पायांना मुंग्या येतात. पायांची तक्रार घेऊन आलेल्या बाईला यातून काय मिळाले?

आणि मुळात तिला झोपायला वेळ दिलाय कुणी? सगळ्यात शेवटी दिवा मालवायचा तिने, पहाटे पाणी येईल तेव्हा पिंप भरायला उठायचे तिने, डबे करायचे तिने. एवढे करून झोप येत नाही, तर उणीव तिच्या शरीरातली आणि उपाय दुकानातला.

नवऱ्याच्या साठीला मुले फुल बॉडी चेकअपचे पॅकेज घेतात, फोटो स्टेटसला टाकतात. फेरिटिनला काही शे रुपये लागतात. तिच्या तपासणीचा विषय काढून बघा, त्याच घरातून उत्तर येते, "तिला काय धाड भरलीये?"