पडद्यावरची एकटी आई आणि चाकणची पहिली पाळी

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात पहिल्या पाळीच्या बसगाड्या झुंजुमुंजू होण्याआधीच धावू लागतात. मुलाला एकट्याने वाढविणाऱ्या स्त्रीपुढे त्या वेळी एकच प्रश्न असतो : शाळा भरेपर्यंत मुलाजवळ कोण थांबणार? हिंदी-मराठी पडद्यावर एकल पालकांच्या कथा पुष्कळ आल्या. हा प्रश्न मात्र त्यांत क्वचितच विचारला गेला.

जुन्या चित्रपटांना या स्त्रीचे कष्ट ठाऊक होते. ‘मदर इंडिया’तील (१९५७) राधा स्वतःच्या खांद्यावर नांगर ओढते, ‘दीवार’मधील (१९७५) आई मुंबईत बांधकामावर राबते. परंतु या कष्टांचा त्याग होई आणि त्यागाचे देवत्व. देवत्व बहाल केले, की त्या आईला पाळणाघराची गरज उरत नाही, वाढीव वेतनाचीही नाही. विधुराला मात्र वेगळा न्याय. ‘कुछ कुछ होता है’मध्ये (१९९८) आईविना वाढणारी लहान मुलगीच वडिलांचे दुसरे लग्न जुळवायला निघते.

खासगी वाहिन्यांनी कलंकाची भाषा बरीच पुसली, हे मान्य करावे लागेल. ‘अग्गंबाई सासूबाई’ने (२०१९) विधवेचा पुनर्विवाह घरोघरी पोहोचविला. ‘आई कुठे काय करते’मधील (२०१९-२०२४) अरुंधती घटस्फोटानंतर स्वतःच्या पायावर उभी राहते. ‘माझी तुझी रेशीमगाठ’मधील (२०२१-२०२३) नेहा नोकरी करून चिमुकल्या परीला एकटीने वाढविते. पण परीला सांभाळायला शेजारी आहेत आणि नेहाच्या आयुष्यात येणारा नायक कंपनीचाच मालक आहे. व्यवस्थेने सोडवायचा प्रश्न अशा रीतीने शेजारधर्म आणि योगायोग यांवर सोपविला जातो.

पिंपरी-चिंचवडचा इतिहास या कथेला छेद देतो. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. कारखान्याभोवती वसाहत आणि शाळा उभी राहिली. कायम नोकरीसोबत शेजारही मिळत असे. पुढे वाहन उद्योगाने शहराचा पसारा वाढविला; २००१ मध्ये सुमारे दहा लाख असलेली लोकसंख्या २०११ मध्ये सतरा लाखांवर गेली. चाकणकडे सरकलेल्या उद्योगांत कंत्राटी कामगारांचा भरणा मोठा. भाड्याच्या खोल्यांच्या रांगेत शेजारीण असते, पण तीही पाळीवर गेलेली असते. गावाकडची आजी शेकडो मैलांवर राहते. मालिकेतला शेजार इथे गृहीत धरता येत नाही.

कायद्याने या गरजेची दखल घेतली नाही, असे नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने तीसहून अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यांत पाळणाघर बंधनकारक केले. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांवर ती जबाबदारी टाकली. परंतु सुटे भाग बनविणाऱ्या अनेक लहान शेडमध्ये हा आकडा गाठलाच जात नाही. मुलाच्या नावात आईचे नाव लावणे राज्याने १ मे २०२४ पासून बंधनकारक केले, हे स्वागतार्हच. पण कागदावर नाव आले म्हणून पाळीच्या वेळी मुलाजवळ कोणी येऊन थांबत नाही.

पडद्याने कायदे करावेत, अशी अपेक्षा नाही. मात्र घरमालक, शिक्षक, पर्यवेक्षक यांच्या मनातील ‘एकट्या बाई’ची प्रतिमा बऱ्याच अंशी पडद्यावरच घडते. तिथे ती एक तर देवता असेल, नाही तर नायकाची वाट पाहणारी असेल, तर पाळी बदलून मागणारी खरीखुरी स्त्री त्यांना सवलत मागणारी वाटते. ‘निल बटे सन्नाटा’ने (२०१६) वेगळी वाट दाखविली होती. त्यातील मोलकरीण आई मुलीच्याच दहावीच्या वर्गात जाऊन बसते, आणि तिची कथा लग्नावर येऊन थांबत नाही.

पहिल्या पाळीची बस गाठण्यासाठी धावणाऱ्या आईची मालिका अजून लिहायची आहे. तिला नायक लागणार नाही. दाराशी विश्वासाचे पाळणाघर असले तरी ती कथा सुखान्त होऊ शकेल.