दोष आमच्या पिंडात नाही

नालासोपाऱ्यात, तुळींजच्या चाळीत, आमच्या खोलीत पत्र्याची काळी ट्रंक आहे. वर पांढऱ्या रंगात बापाचा फौजी नंबर. पूर्वी तिच्यात वर्दी असायची. आता अपील राहतं.

बाप महार रेजिमेंटमध्ये सोळा वर्षं होता. १९८७ ला भरती झाला तेव्हा डॉक्टरनं उघडा करून छाती मोजली, दात मोजले, लिहिलं तंदुरुस्त. २००३ ला बाहेर पडला तेव्हा ब्लडप्रेशर, आणि कागदावर शेरा : 'कॉन्स्टिट्यूशनल'. रोग नोकरीमुळे झाला नाही, नोकरीनं वाढलाही नाही. सबब अपंगत्वाची पेन्शन नाही.

मी तेव्हा शाळेत. मला कॉन्स्टिट्यूशन म्हणजे बाबासाहेबांची घटना एवढंच ठाऊक. नंतर कळलं, साहेबांच्या भाषेत अर्थ असा, की बिघाड तुझ्या पिंडातच होता.

च्यायला, हे तर आमच्या आज्याला गावच्या पाटलानंही सांगितलं होतं!

या रांगेत मराठा आहे, आगरी आहे. शेरा त्यांनाही तोच. पण आम्हाला तो ऐकल्याबरोबर ओळखीचा वाटतो.

अपील केलं. नामंजूर. दुसरं केलं. ते परत आलं, 'पुनर्विचारासाठी'. पुन्हा बोर्ड, पुन्हा तपासणी, पुन्हा तोच शेरा नव्या शाईत. बोर्डात प्रेशर मोजतात. म्हणावं, बापाला चर्चगेट लोकलच्या दारात लटकवा आणि मग मोजा.

'नाही' म्हटलं तर माणूस भांडतो. 'पुन्हा बघू' म्हटलं की वाट बघतो. वाट बघता बघता मरतो, आणि फाईल आपोआप निकालात निघते. नकार देणारा हात कुणाला दिसतच नाही. ही खरी हुशारी.

आता कायदा ऐका. १९८२ च्या नियमांत स्वच्छ लिहिलंय : भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसेल, तर माणूस निरोगी होता असंच धरायचं. त्यानं काही सिद्ध करायचं नाही. संशयाचा फायदा त्यालाच. धरमवीर सिंग या फेफऱ्याच्या शिपायाच्या खटल्यात २०१३ ला सुप्रीम कोर्टानं तेच बजावलं : रोग नोकरीचा नाही हे सरकारनं दाखवावं, आणि बोर्डानं कारणं लिहावीत. २०१५ ला संरक्षण मंत्रालयानंच नेमलेल्या तज्ज्ञ समितीनं सांगितलं, आपल्याच सैनिकांविरुद्धची कोर्टबाजी कमी करा. मग बापाचा देह पुन:पुन्हा टेबलावर कशाला? कारण बोर्डानं लिहिलं नाही आणि हेलपाटे बापाला! परीक्षा चुकली मास्तराची, नापास पोरगा!

हा खेळ जुना आहे. कोरेगावच्या खांबावर १८१८ च्या लढाईतली आमची नावं कोरली, आणि त्याच शतकाच्या शेवटी गोऱ्यांनी आमची भरती बंद केली. म्हणे लढाऊ जात नाही. १९१० ला शिवराम जानबा कांबळ्यांनी थेट विलायतेच्या मंत्र्याकडे अर्ज धाडला. दार उघडलं ते १९१७ ला, महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा. युद्ध संपलं, पलटण मोडली. १९४१ ला पुन्हा युद्ध, पुन्हा आमची आठवण, आणि महार रेजिमेंट उभी राहिली. रक्त पाहिजे तेव्हा दार सताड उघडं. हिशेब मागितला की पुनर्विचार.

पण दोस्तांनो, थोडं आपल्यालाही. एक जानेवारीला आपण खांबाला कडक सलामी ठोकतो, फोटो काढतो. शेजारच्या खोलीतल्या म्हाताऱ्या फौजीचं डिस्चार्ज बुक कधी वाचलं? विरारपासून वसईपर्यंत अशा किती ट्रंका बंद आहेत? उघडा त्या. बोर्डाच्या कागदांची नक्कल मागा. शेऱ्याखाली कारण नसेल, तर तीच ओळ लाल करा आणि अपिलात पहिली लिहा.

आमची मागणी भीक नाही. कारण लिहा, नाहीतर पैसे द्या. परत पाठवायचंच असेल तर निकालाची तारीख घाला.

परवा बापाला म्हटलं, बाबा, कंटाळा नाही येत? तो ट्रंकेवर हात ठेवून म्हणाला, "हुकूम आल्याबिगर पोस्ट सोडायची नसती, पोरा."

त्यानं सोडली नाही. आता पहारा आपला.

जय भीम.