‘नाशिकला घेऊन जा’ असे सांगण्यापूर्वी

दिंडोरी-वणी रस्त्यावर २०२५ च्या जुलै महिन्यात एका रात्री मोटार आणि दुचाकी यांची धडक झाली. मोटार रस्त्यालगतच्या नाल्यात कोसळून तिच्यातील सात जण मरण पावले. त्यांत एक लहान मूल होते. दुचाकीवरील दोघे जखमी झाले. अशा बातमीत मृतांची संख्या मथळ्यात येते आणि जखमींवर रुग्णालयात उपचार सुरू असल्याचे एक वाक्य अगदी शेवटी असते. आम्हांला प्रस्तुत लेखात त्या शेवटच्या वाक्याविषयी लिहायचे आहे. जखमी मनुष्य, सर्पदंश झालेला शेतमजूर, छातीत कळ आलेली आजी, अशी माणसे रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत पोहोचतात, तेव्हा पहिल्या तासाभरात त्यांच्या वाट्याला नेमके काय येते?

दिंडोरी तालुक्याची रचना वाचकांना ठाऊक आहेच. पूर्वेला द्राक्षबागा व कारखाने, पश्चिमेला ननाशीच्या बाजूने पेठ-सुरगाण्याकडे चढत जाणारा आदिवासी डोंगरपट्टा. ननाशीच्या अंगाचा रुग्ण प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो, तेथून दिंडोरी किंवा वणीच्या ग्रामीण रुग्णालयात आणि तेथून, दिंडोरीपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवरील, नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात. प्रत्येक पायरीवर त्याच्या नातेवाइकांच्या कानी एकच वाक्य पडते, ‘पुढे घेऊन जा.’ आजारी माणसाच्या घरी आम्ही भेटीस जातो, तेव्हा रुग्णालयाच्या गोष्टी निघतातच, आणि त्या गोष्टींत डॉक्टरांचे नाव क्वचित येते, औषधाचे त्याहून क्वचित. हे वाक्य मात्र हमखास येते.

पुढे पाठविणे हा स्वतः अपराध नव्हे, हे आम्ही आरंभीच स्पष्ट करतो. आपल्या राज्यात ग्रामीण रुग्णालयाचा साचा तीस खाटांचा आहे. डोक्यातील रक्तस्राव थांबविणारी शस्त्रक्रिया किंवा कृत्रिम श्वासाचे यंत्र लावलेला अतिदक्षता कक्ष तेथे असावा, अशी त्या साच्याची रचनाच नाही. जो डॉक्टर आपली मर्यादा ओळखून वेळेवर पुढे पाठवितो, तो रुग्णाचे भलेच करतो. प्रश्न आहे तो पाठविण्यापूर्वी काय केले, कशातून पाठविले आणि पुढच्या दाराला आगाऊ कळविले की नाही, हा. येथे पाठवणी आणि हाकलणे यांच्यातील सीमारेषा फार बारीक आहे.

ही सीमारेषा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दोन निवाड्यांत आखून दिली आहे. पहिला १९८९ सालचा, परमानंद कटारा यांच्या याचिकेवरील. एका स्कूटरस्वारास मोटारीने उडविले. एका वाटसरूने त्याला जवळच्या रुग्णालयात नेले. पोलीस प्रकरणे आपण घेत नाही असे सांगून डॉक्टरांनी त्याला सुमारे वीस किलोमीटरवरील दुसऱ्या रुग्णालयाकडे धाडले आणि तो वाटेतच गेला. वीस किलोमीटर हा आकडा दिंडोरीच्या वाचकाने क्षणभर मनात धरावा. न्यायालयाने सांगितले की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, प्राण वाचविण्यासाठी उपचार करणे हे त्याचे पहिले कर्तव्य आहे. पोलिसांची कागदपत्रे नंतर.

दुसरा निवाडा १९९६ सालचा, आणि आमच्या मते आपल्याकडच्या परिस्थितीशी तो अधिक जवळचा आहे. पश्चिम बंगालमधील शेतमजुरांच्या एका संघटनेचा सदस्य जुलै १९९२ मध्ये रेल्वेगाडीतून पडला. डोक्याला गंभीर इजा. प्राथमिक आरोग्य केंद्राने सोय नाही म्हणून पुढे पाठविले. त्यानंतर कोलकात्यातील एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी, कुणी खाट नाही म्हणून, कुणी यंत्रणा नाही म्हणून, त्याला परत फिरविले. अखेर खासगी रुग्णालयात स्वतःच्या खर्चाने त्याने उपचार घेतले. न्यायालयाने त्याला पंचवीस हजार रुपयांची भरपाई दिली व पैशाचा तुटवडा ही शासनाची सबब मान्य केली नाही. त्याहून महत्त्वाच्या होत्या त्या सूचना. प्राथमिक केंद्रांत रुग्णाची प्रकृती स्थिर करण्यापुरती सोय हवी. जिल्हा व उपविभागाच्या पातळीवर गंभीर रुग्णांसाठी व्यवस्था हवी. आणि कोणत्या रुग्णालयात खाट रिकामी आहे हे तत्काळ कळेल अशी मध्यवर्ती संपर्कयंत्रणा हवी. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. तरीही खाट मिळेल की नाही याचा शोध पुष्कळदा नातेवाइकांनाच रात्री दोन वाजता दारोदार फिरून घ्यावा लागतो, हे आम्हांला सर्वांत अधिक खटकते.

आता ‘प्रकृती स्थिर करणे’ म्हणजे प्रत्यक्षात काय, हे दिंडोरीच्या दोन उदाहरणांवरून पाहू. द्राक्षबागेत फवारणी करणारा मजूर चक्कर येऊन पडतो, घामाने निथळतो, तोंडातून लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, श्वास लागतो. ही सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाच्या विषबाधेची लक्षणे होत. तिच्यावरील अॅट्रोपीन हे इंजेक्शन जुने व स्वस्त आहे. ते दिल्यावाचून रुग्णाला नाशिकच्या रस्त्याला लावणे म्हणजे त्या पंचवीस किलोमीटरांवर त्याचा जीव टांगणे. विषारी कपडे उतरवून अंग धुण्यास तर रुग्णालयही लागत नाही. औषधाची बाटली वा डबा मात्र बरोबर न्यावा. नाव कळले की डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो.

दुसरे उदाहरण मण्यारीचे. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री दंश करते, दुखत जवळजवळ नाही, पहाटे पोटात कळ येते आणि पापण्या मिटू लागतात. घरचे म्हणतात अपचन झाले. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांवर चालणारे प्रतिविष ग्रामीण पातळीवर देता येते. विषबाधेची लक्षणे दिसताच आठ-दहा कुप्यांची पहिली मात्रा सुरू करून मग श्वासाचे साहाय्य देत पुढे नेणे, हा मान्य मार्ग आहे. लहान जागी मोठे काम होत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे स्मरण करावे. कोकणातील प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाने दगावणारी मुले पाहून त्यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग शोधला आणि तो लॅन्सेटसारख्या जगन्मान्य नियतकालिकात छापून आला.

कायदाही आता पुष्कळ स्पष्ट आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत केलेल्या सुधारणेनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावली पाहिजे आणि तातडीच्या रुग्णाला आगाऊ पैशांचा आग्रह न धरता प्राणरक्षक प्राथमिक उपचार दिले पाहिजेत. धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना याहून पुढे जाते. तिच्यानुसार दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखावयाच्या असतात आणि अशा रुग्णांकडून अनामत रक्कम मागता येत नाही.

असे असूनही मार्च २०२५ मध्ये पुण्यात काय घडले ते सर्वांनी वाचले. जुळी बाळे पोटात असलेली एक सातव्या महिन्यातील माता दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात आली. दहा लाख रुपये अनामत मागितल्याने तिला अन्यत्र न्यावे लागले, अशी कुटुंबाची तक्रार होती. दुसऱ्या रुग्णालयात बाळे जन्मली, आई वाचली नाही. शासनाने चौकशी नेमली. तातडीच्या रुग्णांकडून यापुढे अनामत घेणार नाही, असे रुग्णालयाने जाहीर केले. हा नियम नवा नव्हता. आमचे म्हणणे असे की ज्या नियमाची आठवण होण्यास एका मातेचा मृत्यू लागतो, तो नियम कागदावरच राहिलेला असतो. धर्मादाय न्यास म्हणून नोंदलेल्या आपल्या मिशन रुग्णालयांनाही हीच योजना लागू होते. तेव्हा दुसऱ्यांच्या काउंटरकडे बोट दाखविण्याआधी आपल्या काउंटरवर पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, हे विश्वस्तांनी एखाद्या रात्री स्वतः जाऊन पाहावे.

अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण देणारे कलम २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आले. इंग्रजीत अशा माणसाला शोमरोनीचेच नाव आहे. संत लूकच्या शुभवर्तमानातील तो दाखला आपण इतक्यांदा ऐकतो की त्यातील क्रम नजरेतून सुटतो. शोमरोनी जखमी माणसाला प्रथम उचलत नाही. आधी तेल व द्राक्षारस ओतून जखमा बांधतो, मग आपल्या जनावरावर बसवून नेतो, रात्रभर थांबतो, दोन नाणी देतो. आणि उरलेला खर्च परतीच्या वेळी देईन, असे उतारशाळेच्या मालकाला सांगतो! परंपरा लूकला वैद्य मानते, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

रुग्णाच्या अनुभवाची आणखी एक बाजू आहे, ती म्हणजे वाट पाहणे. ‘आम्ही आधी आलो, तरी मागून आलेल्याला आत घेतले’ ही तक्रार आम्ही वरचेवर ऐकतो. कॅज्युअल्टीत रांग येण्याच्या वेळेनुसार लागत नाही, धोक्यानुसार लागते. नेपोलियनच्या सैन्यातील लारे या शल्यवैद्याने जखमींची हुद्द्यानुसार नव्हे तर जखमेनुसार वर्गवारी सुरू केली, तेव्हापासूनची ही रीत. हात मोडलेला ओरडतो आणि ज्याचा रक्तदाब उतरत चालला आहे तो निमूट पडून असतो. डॉक्टर त्या निमूट माणसाकडे धावतात ते योग्यच. परंतु हे बाकावर बसलेल्या आईला कुणी सांगत नाही. ‘बाई, तुमच्या मुलाला धोका नाही, अर्धा तास लागेल’ एवढे बोलायला कोणतेही यंत्र लागत नाही. उपचार नीट होऊनही माणसे कडवट होऊन घरी येतात, त्याचे कारण बहुधा एवढेच असते.

हा कडवटपणा कधी हातघाईवर येतो. राज्यात वैद्यकीय सेवकांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१० पासून कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पन्नास जणांचा जमाव घेऊन एकट्या रात्रपाळीच्या डॉक्टरभोवती उभे राहणे हा न्यायाचा मार्ग नव्हे, आणि त्या गोंधळात पलीकडच्या खाटेवरील रुग्णाचे काय होते याचाही विचार व्हावा.

मग धर्मग्रामातील साध्या कुटुंबाने करावे काय? १०८ ही सेवा राज्यात २०१४ पासून आहे, विनामूल्य आहे आणि तिच्या गाडीत डॉक्टर असतो. म्हणून शेजाऱ्याची जीप काढण्यापूर्वी तो क्रमांक लावावा. रस्ते अपघातातील जखमीसाठी केंद्र शासनाने मे २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या योजनेत, ठरवून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळतात, हे काउंटरवर बोलून दाखवावे. आणि ‘नाशिकला घेऊन जा’ असे कुणी सांगितले तर भांडू नये, तीन गोष्टी शांतपणे विचाराव्यात. आता येथे काय दिले आणि किती वाजता दिले, ते लिहिलेला कागद आम्हांला मिळेल का? नाशिकला कोणाशी बोलणे झाले, तेथे खाट आहे का? गाडीत प्राणवायू व सोबत कुणी जाणता माणूस आहे का? हे तीन प्रश्न मोठ्या अक्षरांत छापून दिंडोरी, वणी व पेठ परिसरातील आपल्या चर्चच्या सूचनाफलकांवर १०८ या क्रमांकाखाली लावावेत, अशी आमची धर्मग्राम समित्यांना विनंती आहे. पावसाळ्यापूर्वी हे झाले तर बरे.