ड्रेसिंगच्या वेळचा बर्फ

भाजलेल्या माणसाला रोजच्या ड्रेसिंगची धास्ती असते. जुनी पट्टी सोडवायची, मेलेली कातडी काढायची, पुन्हा मलम, पुन्हा पट्टी. आठवडेच्या आठवडे हेच चालतं. मॉर्फिनसारखी औषधं देऊनही त्या वेळी जीव नकोसा होतो.

सिएटलच्या हार्बरव्ह्यू रुग्णालयात १९९६ च्या सुमारास हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी अशा रुग्णांच्या डोळ्यांवर व्हर्च्युअल रिॲलिटीचा हेडसेट चढवून पाहिला. पुढे खास या रुग्णांसाठीच ‘स्नोवर्ल्ड’ हा खेळ तयार झाला. बर्फाच्या दरीतून रुग्ण संथपणे तरंगत जातो, वाटेत बर्फाची माणसं आणि पेंग्विन भेटतात, त्यांच्यावर तो बर्फाचे गोळे फेकत सुटतो. तेवढ्या वेळात नर्स पट्टी सोडवते. काहींच्या जखमा पाण्याच्या टबात बसवून धुवाव्या लागतात. त्यांना विजेचा धोका नको म्हणून ऑप्टिकल फायबरचा हेडसेट बनवला गेला. वेदना बरीच कमी झाल्याचं रुग्णांनी सांगितलंच; २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निरोगी लोकांना मुद्दाम चटका देऊन मेंदूचं स्कॅन केलं, तेव्हा हा खेळ सुरू असताना वेदनेशी संबंधित भागही शांत झालेले दिसले.

वेदना जाणवायलाही लक्ष लागतं. डोळे, कान, हात असे सगळेच बर्फात गुंतले की जखमेच्या वाट्याला थोडंच लक्ष उरतं. औषधं सुरूच राहतात, पण त्यांच्या जोडीला मोठा आधार मिळतो. या तंत्रज्ञानाचं याहून मोलाचं काम शोधून सापडणार नाही.

आणि धोकाही नेमका या लक्ष ओढून घेण्यातूनच सुरू होतो. २०१६ च्या जुलैमध्ये ‘पोकेमॉन गो’ हा फोनवरचा खेळ आला. फोनच्या पडद्यावर खऱ्याच रस्त्यात काल्पनिक प्राणी दिसू लागले आणि माणसं ते पकडायला घराबाहेर पडली. चालणं वाढलं म्हणून डॉक्टरही खूश झाले. पण अमेरिकेतल्या एका पाहणीत ही वाढ सहाव्या आठवड्यापर्यंत ओसरलेली आढळली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जपानच्या इचिनोमिया शहरात चौथीतला एक मुलगा शाळेतून घरी निघाला होता. हा खेळ खेळत ट्रक चालवणाऱ्या माणसाने त्याला उडवलं. मुलगा दगावला.

हेडसेटचा धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. डोकं आणि हात कसे हलतात, हे त्याला सतत मोजावंच लागतं. त्याशिवाय आतलं जग हलणारच नाही. २०२३ मध्ये बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘बीट सेबर’ हा हेडसेटवरचा खेळ खेळणाऱ्या ५५ हजारांहून अधिक लोकांच्या हालचाली तपासल्या. अवघ्या शंभर सेकंदांच्या नोंदीवरून नेमका माणूस ९४ टक्क्यांहून अधिक वेळा ओळखता आला. पासवर्ड बदलता येतो, मान वळवण्याची लकब कशी बदलणार? त्याच वर्षी मेटा कंपनीने आपल्या हेडसेटची वयोमर्यादा १३ वरून १० वर आणली. दहा वर्षांच्या पोराच्या हालचालींची नोंद कुणाकडे आणि किती काळ राहणार, हे आईबापांना स्पष्ट शब्दांत कळलंच पाहिजे.

आपल्याकडे हेडसेट दिसतो तो मॉलमधल्या गेम झोनमध्ये. वास्तविक आज तो चांगल्या स्मार्टफोनच्या किमतीत मिळतो. स्टोव्हच्या भडक्यात, उकळत्या पाण्याने भाजलेली माणसं सरकारी जळीत विभागात रोज येतात, त्यात लहान मुलंही असतात. त्यांच्या ड्रेसिंगच्या वेळी हेडसेट वापरता येईल. चेहराच भाजला असेल तर तो घालता येणार नाही. प्रत्येक रुग्णानंतर निर्जंतुक करावा लागेल, आणि रुग्णाशेजारी थांबणारा एक शिकलेला माणूस लागेल. यातली कुठलीच गोष्ट आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेरची नाही. सुरुवात मुलांच्या वॉर्डापासून करावी.