नीरफणसाच्या जाती फुटव्यावर जगतात



आपल्या कोकणात, गोव्यात नीरफणस म्हटला की एकच झाड. बिनबियांचा, काप तळून खायचा. फार तर कोणी विलायती फणस म्हणतं. पण ज्या पॅसिफिक बेटांवर माणसाने हे झाड वाढवलं, तिकडे पोनपे नावाच्या एका बेटावरच याच्या शंभरावर जातींची नावं नोंदलेली आहेत.

ही नावं हौसेची नाहीत हो. एक जात भाजायला चांगली, दुसरी आंबवायला. एकीचा हंगाम आधी, दुसरीचा मागून, म्हणजे घरात फळ जास्त महिने येतं. सखल बेटांवर खारं पाणी मुळाशी येतं, तिथे डुगडुग नावाच्या रानटी भावाशी संकर झालेल्या जाती टिकतात. खोडाची होडी, चिकाने तिच्या फटी बुजवायच्या. मार्केसस बेटांवर तर जमिनीत खड्डा करायचा, पानं अंथरायची, त्यात सोललेली फळं दाबून ठेवायची. आंबून जो गोळा होतो त्याला ‘मा’ म्हणतात. तो वर्षाच्या वर टिकतो. वादळाने झाडं झोडपली की गाव त्याच्यावर जगायचं.

आता जहाजाने तांदूळ, मैदा येतो. खड्डा कोण भरणार? आणि खड्डा गेला की आंबवायची जात कोण राखणार?

बहुतेक बिनबियांच्या जाती मुळांवरच्या फुटव्यानेच पुढे जातात. बी नाही, म्हणजे डबीत भरून ठेवायची सोय नाही. शेवटचं झाड पडलं की जात संपली. हवाईत माउई बेटावर कहानू बागेत दीडशेच्या आसपास जाती लावून ठेवल्यात, ते काम मोठंच. सामोआकडची ‘माअफाला’ ही बुटकी जात प्रयोगशाळेत वाढवून देशोदेशी दिली, त्यालाही माझा विरोध नाही. पण सगळीकडे तीच एक लागली तर? हापूसच्या नादात रायवळ किती गेले, ते कोकणात कुणाला सांगायला नको.

माझं म्हणणं एवढंच, बेटांवर रोपं वाटणाऱ्या साहेबांनी नव्या रोपासोबत त्याच बेटाच्या चार जुन्या जातींचे फुटवे द्यावेत. आणि कुठली भाजायची, कुठली खड्ड्यात घालायची, हे तिथल्या म्हाताऱ्या माणसांकडून आत्ताच लिहून घ्यावं.